शिलाई मशीनच्या पट्ट्यावरची गाणी

जालन्याच्या सदर बाजारात सुगनचंद कापसाचे मोठे व्यापारी होते. पण त्यांच्या घरात हुकूम चालायचा तो त्यांच्या आत्याचा. आत्याचं नाव पानबाई. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि मग माहेरच त्यांच्या धाकात राहायला लागलं. सगळा बाजार त्यांना भुवाजी म्हणायचा. तोंडात दात थोडेच उरले होते, पण आवाज असा खणखणीत, की त्या माळवदावरून दूधवाल्याला बोलल्या की गल्लीच्या टोकाचा दूधवालाही आपल्या चरवीत डोकावून बघायचा.

भुवाजींची खरी ख्याती होती लग्नातल्या गाल्यांसाठी. मारवाड्यांच्या लग्नात वऱ्हाड जेवायला बसलं, की मुलीकडच्या बायका पडद्याआडून गाणी म्हणतात आणि त्या गाण्यांतून व्याह्याची यथेच्छ टिंगल करतात. या टिंगलीच्या गाण्यांना म्हणायचं गाल्या. त्याचा राग धरायचा नसतो. व्याह्यानं मिशीतल्या मिशीत हसायचं आणि आणखी एक पुरी मागायची. भुवाजींच्या गाल्या निम्म्या मारवाडी आणि निम्म्या मराठी असत, आणि त्या आयत्या वेळी, समोरच्या माणसाकडे बघून, तिथल्या तिथं जुळवत. परभणीचा एक व्याही त्यांची गाली ऐकून इतका हसला होता, की त्याला पाठीवर थापट्या मारून शुद्धीवर आणावं लागलं.

अशा घरातल्या मुलीचं, सुगनचंदांच्या कस्तुरीचं, लग्न ठरलं १९५७च्या उन्हाळ्यात. स्थळ हसनाबादचं. मुलाचे वडील बालकिशन मोठे सुधारक. त्यांच्या सभेनं हुंडा नको, बँड नको, असे ठराव केले होते, आणि ते बालकिशन खरंच पाळत होते. हुंडा नको म्हटल्यावर सुगनचंद खूश झाले. पण सुपारी फोडायच्या वेळी बालकिशन म्हणाले, "एकच अट आहे, सेठजी. माझी पंगत जेवून राह्यली असताना तुमच्या घरातली एकही बाई गाली गाणार न्हाई. ही गावंढळ चाल बिलकुल बंद झाली पायजे."

सुगनचंदांनी सुपारी हातात घेऊन शब्द दिला. तेव्हा भुवाजी पडद्यामागेच बसल्या होत्या. पाहुणे गेल्यावर त्या बाहेर आल्या.

"सुगन्या, तुझ्या बहिणींच्या लग्नात मी गायले. बाजारातल्या पोरींच्या लग्नात गायले. आता कस्तुरीच्या लग्नात मी काय तोंडात पुरी कोंबून बसू?"

"भुवाजी, मी शब्द दिलाय."

"तू दिलाय. मी न्हाई."

"घरातली एकही बाई म्हणालोय मी. तुम्ही घरातल्याच ना?"

भुवाजी उठून तरातरा गाईच्या गोठ्यात गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी सुगनचंदांशी अबोला धरला. काही सांगायचं असलं की त्या गाईला सांगत. "गंगे, सांग त्याला, मंडपाचा बांबू वाकडा लागलाय."

घरात हा अबोला एकाच माणसाला असह्य झाला होता, ती म्हणजे तारादेवी. ही सुगनचंदांची सून. लग्न होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. डोक्यावर पदर, नजर खाली, सासऱ्यासमोर शब्द नाही. पण पदराआड एक अत्यंत उचापती डोकं होतं. तिच्या नवऱ्यानं, रामकिसननं, मुंबईहून एक जर्मन टेपरेकॉर्डर आणला होता. बहिणीच्या लग्नातले मंत्र, सनई, सगळं त्यात भरून ठेवायचं असा त्याचा बेत होता. पेटीएवढं ते यंत्र. वर दोन चकऱ्या, त्यांवर तपकिरी फीत, आणि पुढे एक हिरवा डोळा, जो कुणी बोललं की मिचकायचा. रामकिसनला ते चालवता येत नव्हतं. तारादेवीनं ते एका दुपारात शिकून घेतलं.

एकदा भुवाजी गाईपाशी बसून कुरकुरत होत्या तेव्हा तारादेवी हळूच त्यांच्याजवळ गेली.

"भुवाजी, मामंजींनी शब्द काय दिलाय? एकही बाई गाणार न्हाई."

"माहीतय मला. मीठ चोळायला आलीस का?"

"मशीन काय बाई आहे का?"

भुवाजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडात उरलेले सगळे दात दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पुरुष माणसं मंडपाच्या कामात असताना, दोघी कोठीघरात शिरल्या. गव्हाची पोती, तुपाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, आणि मधोमध ते यंत्र. तारादेवीनं माईक पुढे धरला.

"हा काय दोडका?" भुवाजी म्हणाल्या.

"याच्यात गायचं."

"दोडक्याला बघून मला गाणं सुचत न्हाई. समोर व्याही पायजे."

तारादेवीनं इकडेतिकडे पाहिलं. एक तुपाचा डबा पोत्यावर ठेवला, खुंटीवरची सासऱ्याची जुनी पगडी त्याच्यावर बसवली आणि कोळशानं डब्याला मिशा काढल्या. "हे बघा बालकिशनजी."

भुवाजींनी डब्याकडे नीट निरखून पाहिलं. "पोट बराबर जमलंय," त्या म्हणाल्या आणि सुरू झाल्या. एकामागून एक गाल्या आल्या. मधेच बाहेरून कुणी तरी "तूप द्या हो" म्हणून ओरडलं, तेही फितीत गेलं. गाणं संपल्यावर तारादेवीनं थोडं ऐकवलं. आपलाच आवाज पेटीतून आलेला ऐकून भुवाजी आधी पोत्याला टेकल्या, मग म्हणाल्या, "गाते तर चांगली. कोण आहे?"

यंत्र तिथंच, कोठीघराच्या भिंतीतल्या फळीवर ठेवून दिलं. पंगत बसणार होती अंगणात, कोठीच्या दारासमोरच. अंगणात लाउडस्पीकर लावायचं काम काकासाहेबांकडे होतं.

काकासाहेबांचं बाजारात रेडिओचं दुकान होतं. निजामाच्या काळात हैदराबादला ते हे काम शिकले होते. माणूस कामाला वाईट नव्हता. पण हातापेक्षा त्यांचं तोंड पुढे धावायचं. कुठलाही रेडिओ उघडण्याआधीच ते आजार सांगत, आणि उघडल्यावर दुसराच निघाला की म्हणत, "मी म्हणालो न्हवतो का?" त्यांना या कटात घेणं भाग होतं, कारण टेपरेकॉर्डरची वायर लाउडस्पीकरच्या पेटीला जोडायची होती. तारादेवीनं त्यांना गुपचूप बोलावून सगळं सांगितलं आणि विचारलं, "याची मजुरी काय घ्याल?"

काकासाहेब म्हणाले, "मजुरी नको. पंगतीच्या आधी मला एकट्याला ऐकवा."

लग्न लागलं. गडबडीत रामकिसनला यंत्राची आठवणच झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी पंगत. हसनाबादचं वऱ्हाड जानवशात आंघोळी उरकत होतं. इकडे तारादेवी काकासाहेबांना घेऊन कोठीघरात आली, दार लोटलं आणि बटण दाबलं.

दिवा लागला. हिरवा डोळाही उघडला. पण चकऱ्या जागच्या हलेनात.

तिनं बटण पुन्हा दाबलं. बंद करून लावलं. डोळा तिच्याकडे टकटक बघत राहिला.

"काळजी नको," काकासाहेब म्हणाले. "मंडपातले दिवे दिवसाढवळ्या लावून ठेवलेत. करंट कमी पडतोय. मला हे माहीतच होतं." त्यांनी बाहेर जाऊन मंडपाचे सगळे दिवे बंद करवले. त्याबरोबर भटारखान्यातलाही दिवा गेला आणि आचारी ओरडला. चकऱ्या हलल्या नाहीत.

"मंग फ्यूज," काकासाहेब म्हणाले. फ्यूज काढला, तोंडाजवळ नेऊन फुंकला, परत बसवला. काही नाही.

"आहो, फ्यूज गेला असता तर दिवा लागला असता का?" तारादेवीनं पदराआडून विचारलं.

"तेच मी म्हणून राह्यलो. फ्यूज न्हाई, व्हॉल्व्ह." त्यांनी यंत्राची पाठ उघडली. आत काचेचे व्हॉल्व्ह मंद तापले होते. काकासाहेबांनी पेन्सिलीनं एकेकाला टिचक्या मारल्या, एका व्हॉल्व्हवर त्यांचा संशय बसला, आणि ते दुकानाकडे सायकल पिटाळत गेले. तिकडे एका वकिलाचा रेडिओ दुरुस्तीला आला होता, त्यातला व्हॉल्व्ह काढून आणला. बसवला. बटण दाबलं. लाउडस्पीकर गुणगुणला, पण चकऱ्या ढिम्म.

एवढ्यात भुवाजी आल्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "गात न्हाई का ती आता?"

"आजारी आहे," तारादेवी म्हणाली.

"माझ्या गाण्यानं?"

बाहेर वऱ्हाडाला बोलावणं गेलं होतं. काकासाहेबांच्या कपाळावर घाम आला, आणि घाम आल्यावर त्यांची बडबड थांबली. बहुधा त्या सकाळी पहिल्यांदाच. त्या शांततेत त्यांनी यंत्राला कान लावला. आत बारीक घरघर चालू होती. "मोटर फिरून राह्यली," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनी चकरी बोटानं ढकलली. ती नुसतीच सुळकन फिरली, कशालाच बांधलेली नसल्यासारखी. "मोटर फिरते, चकरी फिरत न्हाई. मंग मधे काय आहे?"

"पट्टा," तारादेवी म्हणाली. "शिलाई मशीनला असतो तसा."

त्यांनी यंत्र उताणं केलं, खालची पत्र्याची पाटी काढली आणि दोघंही बघत राहिले. रबराचा पट्टा वितळून चिक्कीच्या पाकासारखा चाकांना चिकटला होता. काकासाहेबांनी हात लांब करून भिंत चाचपली आणि झटकन मागे घेतला. भिंतीच्या पलीकडे हलवायाची भट्टी होती. लाडू, जिलब्या, बालुशाही. तीन दिवस ती भट्टी विझली नव्हती, आणि यंत्र या बाजूला त्याच भिंतीला टेकून बसलं होतं.

"नवा पट्टा कुठं मिळेल?" तारादेवीनं विचारलं.

"मुंबईला. कदाचित जर्मनीला."

"पंगत तर आत्ता बसून राह्यली."

काकासाहेबांनी घासलेट मागवलं आणि चिंधीनं चाकांवरचा तो काळा पाक पुसून काढला. मग सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून तिची टोकं चिकटवली आणि ती चाकांवर चढवली. चकऱ्या फिरल्या! पण जोड जाड झाला होता, दर फेरीला तो चाकावरून उडी मारायचा, आणि पेटीतून भुवाजी उचकी लागल्यासारख्या गायच्या. "व्याही-हुक्-बुवा-हुक्." काकासाहेबांना हसू आवरेना. भुवाजींनी त्यांच्या पाठीत चापट मारली.

तारादेवी उठली, माजघरात गेली आणि आपल्या शिलाई मशीनचा कातडी पट्टा काढून घेऊन आली. नवऱ्यानं दिलेलं मशीन होतं ते. तिनं पट्टा मापानं कापला. त्याच्या जोडाला तारेचा आकडा लावायचा असतो, पण तार चाकावर वाजली असती. म्हणून तिनं पट्ट्याची दोन्ही टोकं तिरपी तासली, एकावर एक धरली आणि मेणाच्या दोऱ्यानं इतकी बारीक शिवली, की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. काकासाहेबांनी पट्टा चढवला आणि यंत्र सरळ केलं. बटण दाबलं.

चकऱ्या फिरू लागल्या. सावकाश. आणि पेटीतून एका धिप्पाड पुरुषाचा, खोल विहिरीतून आल्यासारखा आवाज आला:

"व्याऽऽहीबुवा जेऽवायला बऽऽसले, पोऽटाला बांधली दोऽऽरी..."

"हा कोण मेला?" भुवाजी दचकल्या.

"तुम्हीच आहात," तारादेवी म्हणाली.

"मी? मला मिशा फुटल्या का?"

काकासाहेबांनी कारण ओळखलं. घासलेटानं चाकं गुळगुळीत झाली होती, त्यांवर कातडी पट्टा घसरत होता. चकऱ्या हळू, म्हणून आवाज जाड. "थोडा वेळ द्या. घासलेट उडून गेलं की पट्टा पकड घेईल. न्हाईतर राळ लावतो, आत्ता बराबर होतं."

"नका लावू," तारादेवी म्हणाली. पदराआडचे तिचे डोळे चमकत होते. "असंच राहू द्या. मामंजींनी बाईचा शब्द दिलाय. हा तर बाप्या गातोय."

भुवाजींनी क्षणभर विचार केला. आपली उभ्या जन्माची कमाई एका बाप्याच्या आवाजात जाणार, हे त्यांना थोडं टोचलं. पण बालकिशनचं तोंड कसं होईल, हे डोळ्यापुढे आलं आणि त्यांनी परवानगी दिली. वर तारादेवीला बजावलं, "माझ्यावर नाव आलं न्हाई पायजे. मी त्याच्या समोर जाऊन बसते, तोंड मिटून."

पंगत बसली. अंगणात पुरुषांच्या रांगा, एका बाजूला चादरींचा पडदा, पडद्यापलीकडे वऱ्हाडातल्या बायका. बालकिशन मधल्या पाटावर, पांढरीशुभ्र टोपी, भरदार मिशा. पडद्याच्या कडेला, त्यांना दिसेल अशा जागी, भुवाजी हातात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. सुगनचंद हात जोडून पंगतीतून फिरत होते आणि मनातल्या मनात भुवाजींचे आभार मानत होते.

लाउडस्पीकरवर सनईची तबकडी वाजत होती. ती संपली. काकासाहेबांनी एक बटण फिरवलं.

"व्याऽऽहीबुवा जेऽवायला बऽऽसले, पोऽटाला बांधली दोऽऽरी,
पऽहिल्या घासाला दोऽरी तुटली, पुऽन्हा मागती पुऽऽरी!"

बालकिशनांचा हात नेमका पुरीच्या टोपलीकडे गेला होता. तो तिथंच थांबला. पंगतीतली पोरं फिसकन हसली.

"सेठजी!" बालकिशन गरजले. "काय ठरलं होतं आपलं?"

सुगनचंदांचा चेहरा उतरला. त्यांनी भुवाजींकडे पाहिलं. भुवाजींचे ओठ घट्ट मिटलेले, माळ फिरत होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिकडच्या बायका सगळ्या बालकिशनच्याच घरच्या. आणि आवाज तर पुरुषाचा! "ब्याहीजी, देवाशप्पथ," ते म्हणाले, "आमच्या घरातली बाई न्हाई गाऊन राह्यली. तुम्हीच ऐका की."

बालकिशनांनी ऐकलं. बाई नव्हती, हे त्यांना मान्य करावं लागलं. "मंग हा कोण आहे?"

"मला बिलकुल माहीत न्हाई."

लाउडस्पीकरवरचं गाणं पुढे सरकलं:

"व्याऽऽहीबुवाच्या मिऽशीत राहते शेऽपटीवाली खाऽऽर,
विऽहीण आली झाऽडू घेऊन, खाऽर झाली फराऽऽर!"

आता मोठी माणसंही हसायला लागली. बालकिशनांनी नकळत मिशीला हात लावला आणि ते पाहून पंगत आणखीच खदखदली.

इकडे कोठीघरात तारादेवी घामाघूम झाली होती. काकासाहेब म्हणाले होते तसंच घडत होतं. घासलेट सुकत चाललं होतं, पट्टा पकड घेऊ लागला होता आणि आवाज हळूहळू वर चढत होता. तिनं झटकन चकरीच्या कडेवर बोट टेकवलं. चकरी मंदावली, आवाज परत विहिरीत गेला. आता तिला बोट काढता येईना. ती तशीच, एक हात यंत्रावर ठेवून, वाकून उभी राहिली.

आणि दार उघडलं. सुगनचंद तारेचा माग काढत काढत आले होते.

सासरा समोर, आणि डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर घसरलेला. तारादेवीचे दोन्ही हात आपोआप पदराकडे गेले. तिनं तोंड झाकलं.

अंगणात त्या क्षणी काय झालं ते हसनाबादकर पुढे बरीच वर्षं सांगत असत. तो जाडजूड बाप्या "व्याहीबुवाचीऽऽ" म्हणता म्हणता एकदम वर चढला, तरुण झाला, मग पोरगा झाला, आणि शेवटी खणखणीत बाईच्या आवाजात, अस्सल पानबाईंच्या आवाजात, गाऊ लागला. मधेच त्यातून कुणी तरी ओरडलं, "तूप द्या हो!" आणि वाढपी सवयीनं तूप घेऊन धावला.

सगळ्यांच्या माना भुवाजींकडे वळल्या. भुवाजी तोंड मिटून माळ ओढत होत्या, आणि वरून त्यांचाच आवाज सबंध सदर बाजारात घुमत होता.

पडद्यामागून एक मोठं, अनावर हसू फुटलं. "अगं बाई, ही तर पानी! मेली अजून तशीच ओरडते!"

ती धापूबाई होती, बालकिशनांची आई. तिचं माहेर अंबडचं. तरुणपणी जालना-अंबडच्या किती तरी लग्नांत ती आणि पानबाई समोरासमोर बसून गायल्या होत्या. पोरगा सुधारक झाल्यापासून तिचं गाणं बंद होतं. काकासाहेबांनी हळूच लाउडस्पीकर बंद केला. तिनं पडदा बाजूला सारला, सरळ अंगणात आली, भुवाजींच्या पुढ्यात बसकण मारली आणि कमरेवर हात ठेवून सुरू झाली:

"जालन्याचे लाडू बाई, काय सांगू त्यांची शान,
घण घालून फोडता फोडता लोहाराचे गेले प्राण!"

"माँ!" बालकिशन ताटावरून उठायला लागले.

"खाली बस. भरल्या ताटावरून उठतोस? हेच शिकवतात का तुझ्या सभेत?"

बालकिशन बसले. पण त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटत होतं. पंगतीतलं हसू हळूहळू विरलं. सुगनचंद कोठीतून धावत परत आले आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "ब्याहीजी, माफी असावी. मला खरंच माहीत न्हवतं."

"तुमचा दोष न्हाई, सेठजी," बालकिशन म्हणाले. आता ते गरजत नव्हते. "पण तुम्हाला माहीत आहे का, हसनाबादेत आमच्या घराला काय म्हणतात? भोपळ्याचं घर. माझ्या बाबांच्या लग्नात कुणी तरी गाली म्हटली, की नवरदेवाचं डोकं भोपळ्यासारखं आहे. गाली म्हणणारी विसरून गेली. गाव न्हाई विसरलं. बाबा जन्मभर भोपळाशेठ राह्यले. आणि मी शाळेत जायचो तेव्हा पोरं माझ्या दप्तरात भोपळ्याच्या बिया टाकायची. माझ्या पोराला तसलं नाव पडू नये, एवढंच वाटत होतं मला."

भुवाजींनी माळ खाली ठेवली. "हे आधी सांगायचं न्हाई का रे?" त्या म्हणाल्या. "मी मिशीवर गायले नसते. मी नुसतं लाडवांवर गायले असते."

धापूबाई मात्र आपल्या मुलाकडे नवलानं बघत राहिली होती. "बालू, ती गाली कुणी म्हटली माहीतय का तुला? माझ्या आईनं."

"काय?"

"आणि तुझ्या बापाला ती आवडायची! रोज दाढी करताना आरशात बघून तीच गुणगुणायचे. 'आला भोपळा घोड्यावर, बिया सांडल्या रस्ताभर.' दुकानावर पाटी लावायची होती त्यांना, भोपळा सेठ म्हणून. मीच नको म्हणाले. तुला पोरं चिडवतात हे त्यांना कळलं असतं ना, तर ते स्वतः शाळेत येऊन त्या पोरांना बिया खायला देऊन गेले असते. तू कधी घरी बोललासच न्हाई."

बालकिशन आईकडे बघत राहिले. दाढी करताना गुणगुणणारे वडील त्यांना आठवत होते. गाण्याचे शब्द तेवढे कधी नीट ऐकले नव्हते. त्यांच्या मिशीच्या एका टोकाला काही तरी हललं. मग दुसऱ्या टोकाला. शेवटी त्यांनी टोपी काढली, आपल्या गोल, गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "डोकं बाबांवर गेलंय, दुसरं काय!" पंगत अशी हसली की मंडपावरचे कावळे उडाले. त्यांनी पुरीची टोपली स्वतःकडे ओढली.

मग दुपारभर दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर बसून गात होत्या. मधेच भुवाजींनी गाईला न सांगता थेट "सुगन्या, पाणी आण" म्हटलं आणि अबोला सुटला. कोठीघरातल्या तारादेवीवर सुगनचंद रागावले नाहीत. त्यांनी नुसतं दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळानं रामकिसनच्या हाती तिच्यासाठी बालुशाहीचं ताट पाठवलं. काकासाहेब येईल त्याला सांगत होते, की पट्टाच वितळलाय हे त्यांनी सकाळी पहिल्यांदाच ओळखलं होतं.

धापूबाईला गाणं चढलं तसा काकासाहेबांना हुरूप आला. असा सवाल-जवाब पुन्हा मिळणार नाही म्हणून त्यांनी यंत्र उचलून अंगणात आणलं, माईक मधे ठेवला आणि लाल बटण दाबलं. फीत एकच होती. भुवाजींच्या कोठीतल्या गाल्यांवर धापूबाईचे जवाब चढत गेले आणि खालचं सगळं पुसलं गेलं. ही गोष्ट तारादेवीच्या ध्यानात आली ती संध्याकाळी, फीत उलटी गुंडाळून ऐकली तेव्हा. काकासाहेब चपला शोधायला लागले. सांगायची जबाबदारी तिच्यावरच आली.

भुवाजी पाय चेपून घेत पडल्या होत्या. तारादेवीनं भीत भीत सगळं सांगितलं.

"सगळं गेलं?" भुवाजींनी विचारलं.

"सगळं. 'तूप द्या हो' सुद्धा."

भुवाजी उठून बसल्या. "मंग त्याच्यात रडण्यासारखं काय आहे? मी जिवंत हाय ना? आण तो दोडका इकडं. त्या धापूला न म्हटलेल्या अजून लई हायेत. पुरुषमाणसांसमोर म्हणता येत न्हाईत त्या."

तारादेवीनं यंत्र आणलं. ते तिच्या शिलाई मशीनच्या पट्ट्यावर आता बरोबर वेगानं फिरत होतं. भुवाजींनी घसा साफ केला आणि पहिली ओळ म्हटली. दारातून जाणारे सुगनचंद ती ऐकून जागच्या जागी थबकले, कानापर्यंत लाल झाले, आणि आत येऊन त्यांनी आधी खिडकी लावली. मग दुसरी खिडकी. आणि मग, आजच सुटलेला अबोला परत नको म्हणून, भुवाजींना न अडवता, बाहेरून कडी घालून निघून गेले.